पॉलिमॉर्फ: बहुरूपी कोण आणि सोंग कुठलं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहात. रसायनशास्त्राच्या सरांनी सांगितलं, पॉलिमॉर्फ म्हणजे एकाच पदार्थाची वेगवेगळी स्फटिकरूपं. जीवशास्त्राच्या मॅडमनी त्याच शब्दाखाली रक्तगट शिकवले. आयटीतला दादा म्हणतो, हा तर कोडिंगमधला शब्द. आणि शनिवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन टेबलावर खेळायचा खेळ) खेळताना तुमच्या विझार्डने, म्हणजे मांत्रिकाने, पॉलिमॉर्फचा मंत्र टाकून मित्राच्या फायटरला, म्हणजे लढवय्याला, जायंट एप (महाकाय वानर) केलं. एपचे ७ हिट पॉइंट (अंगातला जीव मोजायचे गुण) उरलेले असताना ३० डॅमेज, म्हणजे मार, बसलं, आणि उरलेले २३ कुठे जातात यावरून टेबलावर भांडण झालं. तर यातला खरा अर्थ कुठला, आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, काय सांगायचं?

मी बावीस वर्षं औषधांच्या स्फटिकांवर काम करतोय आणि गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी भाचरं आणि त्यांच्या मित्रमंडळींचा डीएम (खेळ चालवणारा आणि नियमांचा निकाल देणारा) असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडंफार कळतं. भांडणाचा निकाल शेवटी देतो, कारण तो आधी दिला तर बाकीचं तुम्ही वाचणार नाही.

खरा अर्थ कुठला, हे शोधत बसू नका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'अनेक रूपांचा' एवढाच आहे, आणि तो सगळ्यांनी आपापल्या परीने प्रामाणिकपणे उचललाय. गोंधळ होतो तो वेगळ्याच जागी. विज्ञानात हा शब्द बहुतेक वेळा *स्थिती* सांगतो: अमुक गोष्ट अनेक रूपांत सापडते. गेममध्ये तो *क्रिया* सांगतो: मी तुला बदललं. मराठीत आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेतच, बहुरूपता आणि रूपांतर. इंग्रजी गेमवाल्यांनी एकाच शब्दावर दोन्ही कामं भागवली, म्हणून तुमच्या डोक्यात ती एकमेकांत अडकली.

मला स्वतःला आमच्या गल्लीत येणारा बहुरूपी आठवतो. खाकी कपडे, हातात छडी, 'वॉरंट आहे तुमच्या नावाचं' म्हणून दम द्यायचा, आणि आजीने सुपातून धान्य दिलं की हसत पुढच्या दारी. पॉलिमॉर्फ शब्द कुठेही दिसला की मी त्या बहुरूप्याला विचारावं तसं विचारतो: आतला माणूस कोण? सोंग कशाचं? आणि सोंग उतरवता येतं का? प्रत्येक विषयात उत्तरं बदलतात. ती नीट देता आली की व्हायव्हा पार पडला समजा.

माझ्या धंद्यापासून सुरू करतो, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

स्फटिकांच्या बाबतीत आतला माणूस म्हणजे रेणू. तो तसूभरही बदलत नाही. बदलते ती रेणूंची रचना, म्हणजे ते एकमेकांशेजारी कसे बसलेत ते. पॅरासिटामॉल घ्या. बाजारातल्या गोळ्यांत असतं ते पहिलं रूप. त्यात रेणूंचे थर नागमोडी असतात, सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यांसारखे एकमेकांत अडकलेले. दाबले तर सरकत नाहीत, त्यामुळे नुसत्या पावडरीची धड गोळी होत नाही, बांधून ठेवायला बाइंडर घालावा लागतो. दुसऱ्या रूपात तेच रेणू सपाट थरांत बसतात, पापडांच्या चळतीसारखे. थर एकमेकांवरून सरकतात आणि गोळी छान दाबली जाते. मग दुसरंच रूप का वापरत नाहीत? कारण ते तितकं स्थिर नाही. ते बनवणं आणि बनवून टिकवणं, दोन्ही त्रासाचं.

इथे बहुतेक जण पहिल्यांदा घसरतात. मीही घसरलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका द्रावकातून मला लांब सुया मिळाल्या, दुसऱ्यातून चपट्या पाट्या. मी धावत साहेबांकडे गेलो: 'सर, नवीन पॉलिमॉर्फ!' त्यांनी मान वर न करता विचारलं, 'एक्सआरडी केलं?' केलं नव्हतं (एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची आतली मांडणी तपासणं). केलं, तर दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तरी वेगळे ओळखू येईनात. म्हणजे आतली मांडणी तीच, फक्त स्फटिक एका बाजूने जास्त वाढला होता. याला हॅबिट म्हणतात, बाहेरचा आकार. खडीसाखरेचा खडा आणि डब्यातली साखर दिसायला किती वेगळी, पण आतून दोन्ही एकच स्फटिक. डोळ्यांना दिसणारा आकार म्हणजे पॉलिमॉर्फ नव्हे, हे व्हायव्हात आवर्जून सांगा. परीक्षक खूश होतात.

दुसरी घसरण पाण्याची. पदार्थाने स्फटिकात पाण्याचे रेणू घेतले तर तो हायड्रेट होतो. त्याचा एक्सआरडी वेगळा येतो, पण तो काटेकोर अर्थाने पॉलिमॉर्फ नाही, कारण आत आता दोन माणसं आहेत. पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये निम्मे 'नवीन पॉलिमॉर्फ' असेच निघतात. हवेतला ओलावा नमुन्यात शिरलेला असतो. आधी तापवून वजन किती घटतं ते बघा, मग नाव द्या.

तुमच्या सरांनी हिरा आणि ग्रॅफाइटला पॉलिमॉर्फ न म्हणता अपरूपं म्हटलं असेल तर तेही बरोबर आहे. मूलद्रव्यांच्या बाबतीत 'अपरूपता' हा शब्द रुळलाय. पण अपरूपतेत ऑक्सिजन आणि ओझोनही येतात, आणि तिथे रेणूच वेगळे आहेत. म्हणून दोन शब्द एकमेकांवर बरेचसे बसतात, पूर्ण नाही.

आता सोंग उतरतं का? इथे 'परिस्थितीवर अवलंबून' हेच प्रामाणिक उत्तर. लोखंड ९१२ अंश सेल्सियसला आपली मांडणी बदलतं आणि थंड केलं की परत येतं. हिऱ्याचं तसं नाही. आपल्या खोलीतल्या तापमानाला आणि दाबाला कार्बनचं जास्त स्थिर रूप ग्रॅफाइट आहे, पण हिऱ्याला तिकडे जायला मध्ये इतका मोठा चढ लागतो की तुमच्या अंगठीला काळजी नाही. अशा रूपाला मेटास्टेबल म्हणतात: खाली जाण्याची ओढ आहे, पण उंबरठा ओलांडवत नाही. ऑस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८९७ साली एक निरीक्षण मांडलं होतं, की द्रावणातून स्फटिक पडताना बऱ्याचदा सगळ्यात स्थिर रूप आधी येत नाही, कमी स्थिर रूप आधी येतं. हा नियम म्हणून पाळला जातोच असं नाही, पण प्रयोगशाळेत अनेकदा खरा ठरतो. आणि म्हणूनच आम्हाला रात्री झोप लागत नाही, कारण आज मिळालेलं रूप शेवटचं असेलच याची खात्री नसते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रिटोनाव्हिर. एचआयव्हीवरचं हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. कॅप्सूलमध्ये औषध विरघळलेल्या अवस्थेत होतं. विकासाच्या काळात एकच स्फटिकरूप माहीत होतं. १९९८ मध्ये काही कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. आत दुसरंच रूप स्फटिक होऊन बसलं होतं, आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी कमी विरघळणारं होतं. न विरघळलेलं औषध रक्तात काय पोचणार? त्या कॅप्सूल थांबवाव्या लागल्या आणि औषधाची घडण नव्याने करावी लागली. गंमत, म्हणजे भयंकर गंमत, अशी की दुसऱ्या रूपाचे कण एकदा हवेत, भांड्यांत, कपड्यांवर आले की पहिलं रूप तिथे बनवणं अवघड होऊन बसतं. अदृश्य कण बी म्हणून काम करतो आणि सगळं द्रावण त्याच्या मागे जातं. आमच्याकडेही एका रेणूच्या बाबतीत असंच झालं. जुनं रूप महिनाभर मिळेना. शेवटी दुसऱ्या इमारतीत, नवी काचसामग्री घेऊन, आणि आधीच्या खोलीत कधी न गेलेल्या मुलीच्या हातून प्रयोग केला तेव्हा ते मिळालं. आम्ही बाकीचे काचेबाहेरून बघत होतो, सोवळं मोडायला नको म्हणून.

हे घरी बघायचं असेल तर चॉकलेट घ्या. कोको बटरची सहा स्फटिकरूपं मानली जातात. चकचकीत, 'टक्' आवाज करत तुटणारं आणि तोंडात विरघळणारं चॉकलेट हवं तर पाचवं रूप लागतं, जे साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं. टेंपरिंग म्हणजे दुसरं काही नाही, वितळवून, थंड करून, पुन्हा किंचित गरम करून नको ती रूपं घालवायची आणि पाचव्याचं बी शिल्लक ठेवायचं. तेच चॉकलेट मे महिन्यात गाडीत विसरा. वितळेल, संध्याकाळी मनाला येईल तसं गोठेल, वर पांढुरकी बुरशीसारखी साय दिसेल. ती बुरशी नाही, चरबीचे स्फटिक आहेत. खायला हरकत नाही, फक्त मजा गेलेली असते. एक सूचना: दिवाळीत घरगुती चॉकलेटं करायला दुकानातून जी कंपाउंडची लादी आणतो, तिच्यावर हा प्रयोग करू नका. तिच्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, तिला टेंपरिंग लागतच नाही. लेबल वाचा.

आपल्या देशात हा शब्द थेट कायद्यात आहे, हे बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतं. २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या पेटंट कायद्यातलं कलम ३(ड) सांगतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, आणि त्यात पॉलिमॉर्फचं नाव घेऊन उल्लेख आहे, परिणामकारकतेत लक्षणीय फरक नसेल तर तोच पदार्थ समजायचा. रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ ला निकाल लागला: पेटंट नाही. पावडर जास्त चांगली वाहते, जास्त स्थिर आहे, ओलावा कमी धरते, हे सगळं मान्य, पण रुग्णाला बरं करण्याची ताकद त्यामुळे वाढली का? माझ्या त्या बहुरूप्याच्या भाषेत, कोर्टाने विचारलं की सोंग नवं आहे हे दिसतंय, पण माणूस नवा आहे का. आमच्या क्षेत्रात या निकालावर अजून दोन तट आहेत. मला तो बरोबर वाटतो, पण माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र सहमत होणार नाही.

जीवशास्त्रात आतला माणूस म्हणजे एक जाती, खरं तर एकमेकांत प्रजनन करणारा समूह. एकाच जागी, एकाच वेळी त्या समूहात ठळक वेगळी रूपं नांदत असतील आणि दुर्मिळातलं रूपही केवळ अधूनमधून होणाऱ्या उत्परिवर्तनामुळे दिसत नसेल, तर ती बहुरूपता. जनुकशास्त्रात सोयीसाठी एक टक्क्याची रेघ ओढतात: दुर्मिळ रूपाचं प्रमाण निदान तेवढं हवं. रक्तगट हे सोपं उदाहरण, पण तुमच्या घरी कुंडीत कढीपत्ता असेल तर त्याहून सुंदर उदाहरण तिथेच बसलंय. कॉमन मॉरमॉन नावाचं काळं फुलपाखरू कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालतं. त्याच्या लहान अळ्या अगदी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून आपण त्या झटकत नाही. नर एकाच प्रकारचा. मादी मात्र तीन प्रकारची: एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी, एक क्रिमसन रोझसारखी. ही दोन 'गुलाबं' म्हणजे दुसऱ्या जातींची फुलपाखरं; ती विषारी वेलींवर वाढतात, पक्षी त्यांना टाळतात, आणि मॉरमॉनच्या मादीने त्यांचं सोंग घेतलंय. एकाच आईच्या मुली वेगवेगळ्या वेषात निघू शकतात. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की हे सोंग 'डबलसेक्स' नावाच्या एका जनुकावर ठरतं.

इथे सोंग उतरत नाही. क्रिमसन रोझच्या वेषात जन्मलेली मादी त्याच वेषात मरते. आणि अळीचं फुलपाखरू होणं ही बहुरूपता *नाही*, ते रूपांतरण आहे: एकच जीव, आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर. मॅडमनी हा प्रश्न विचारला तर चुकू नका.

दादाच्या कोडिंगबद्दल मी फार बोलणार नाही, तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मला ते एका मराठी क्रियापदावरून कळलं: 'काढ'. फोटो काढ, दूध काढ, कर्ज काढ, आठवण काढ. हुकूम एकच, समोर काय आहे त्यावर काम ठरतं. संगणकशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांनी १९६७ च्या व्याख्यानांत प्रोग्रामिंगमधल्या अशा बहुरूपतेचे दोन प्रकार वेगळे केले होते, दादाला त्यांची नावं विचारा. आणि कॉस्प्लेवाले (गेम-सिनेमातल्या पात्रांचे वेष करणारे) गरम पाण्यात मऊ होणारे जे पांढरे दाणे 'पॉलिमॉर्फ' म्हणून विकत घेतात ते पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचं प्लास्टिक, साठेक अंशांना मऊ होणारं. ते नुसतं विक्रीचं नाव आहे, त्यावर विचार करू नका.

आता गेम. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत पॉलिमॉर्फ हा चौथ्या पातळीचा मंत्र आहे, आणि त्याला लागणारं साहित्य काय माहितीये? सुरवंटाचा कोश. लिहिणाऱ्याने नकळत किंवा जाणूनबुजून खरं सांगून टाकलंय: ही बहुरूपता नाही, रूपांतर आहे. आतला माणूस इथे म्हणजे स्वभाव आणि अलाइनमेंट (भल्याबुऱ्याकडचा कल), एवढंच उरतं. बुद्धीसकट बाकी आकडे त्या प्राण्याचे. म्हणून टी-रेक्स झालेला तुमचा मित्र २ बुद्धिमत्तेवर 'मागच्या दाराने जाऊन पुजाऱ्याशी वाटाघाटी करू' असं म्हणायला लागला तर डीएमने थांबवायलाच हवं. पण आपली माणसं कोण, कुणावर राग आहे, एवढी जाण मी माझ्या टेबलावर ठेवू देतो. यावर नियम अगदी काटेकोर नाही, टेबलागणिक बदलतं.

स्फटिकाशी तुलना केली तर ओढ उलट्या दिशेला आहे. तिथे पदार्थ नव्या, जास्त स्थिर रूपाकडे घसरतो आणि मग परत येणं अवघड. इथे मूळ रूपच स्थिर आणि वानर मेटास्टेबल. विझार्डचं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्र टिकवायची एकाग्रता, हा तो उंबरठा. त्याला बाण लागला, एकाग्रता टिकवायचा फासा (कॉन्स्टिट्यूशन सेव्ह) हुकला, की वानर गेलं. एका तासानंतर तसंही जातंच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये हा उंबरठा आणखी ठिसूळ आहे. मेज, म्हणजे तिथला जादूगार, शत्रूची मेंढी करतो, ती चरत चरत भराभर बरी होत राहते, आणि कुणी चुकून एक टोला मारला की ताजातवाना शत्रू समोर. एकाच शब्दाचे दोन गेममध्ये इतके वेगळे उपयोग: एकीकडे मित्राला चिलखत, दुसरीकडे शत्रूला बेडी. तेव्हा 'गेममधला पॉलिमॉर्फ' असाही एक अर्थ नाही, कुठला गेम ते सांगावं लागतं.

आणि तुमचं भांडण. २०१४ च्या पुस्तकानुसार वानराचे हिट पॉइंट शून्यावर आले की मूळ रूप परत येतं आणि *उरलेलं डॅमेज त्याच्यावर चालू राहतं*. ३० मधले ७ वानराने खाल्ले, २३ फायटरला. २०२४ च्या नियमात वानराचे पॉइंट तात्पुरते हिट पॉइंट म्हणून मिळतात आणि ते संपले की मंत्र संपतो, पण तुमच्या उदाहरणात हिशोब तोच निघतो. पातळी सातची पार्टी असेल तर वानर नियमात बसतं, त्याचं चॅलेंज रेटिंग (प्राणी किती ताकदवान ते सांगणारा आकडा) ७ आहे. तेवढं तपासून घ्या. फायटरचे स्वतःचे २३ पेक्षा जास्त हिट पॉइंट असतील तर तो उभा आहे, गपचूप तलवार काढू दे. तुम्ही लिहिलंय की त्याचे १८ होते. म्हणजे तो बेशुद्ध पडला, डीएम बरोबर होता, आणि शून्यावर असलेल्याला पुन्हा पॉलिमॉर्फ करून वाचवता येत नाही, त्यामुळे तो बेतही सोडा. हीलिंग पोशन कुणाकडे आहे ते बघा.